डॉक्सी की अ‍ॅझिथ्रो?

पाऊस ओसरायला लागला की आमच्या मेडिसिन वॉर्डात दरवर्षी तोच वाद रंगतो. एका युनिटमध्ये स्क्रब टायफस या तापाच्या रुग्णाला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू होतं, शेजारच्या युनिटमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन, आणि रात्रपाळीला एखादा घाबरट रेसिडेंट असला तर दोन्ही. वर बाहेरून लावून आणलेलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तसंच चालू असतं. ते बंद करायचं काम कोणाचंच नसतं. शेवटी आमचे विभागप्रमुख वैतागले. 'सगळं वाचून काढ आणि मला एक पान करून दे. कोणाला कुठलं, किती आणि किती दिवस. प्रबंध नकोय मला,' असं म्हणून त्यांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं.

दोन औषधं, एक आजार. कोणतं वरचढ ते बघायचं आणि लिहून मोकळं व्हायचं, असं कुणालाही वाटेल. पण वरचढ म्हणजे नेमकं कशात, हे प्रत्येक अभ्यासात वेगळं निघालं, आणि मग ते एक पान सरता सरेना.

आधी आजार थोडक्यात सांगते. गवतात, झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म किडीची अळी माणसाला चावते. चावलेलं कळतही नाही. तिच्या लाळेतून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो आणि साधारण आठ-दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. पुष्कळांचं दुखणं तेवढ्यावर निभावतं. बिघडलं तर फुप्फुसं, किडनी, लिव्हर, मेंदू असं एकेक धरत जातं. हा जिवाणू पेशीबाहेर वाढूच शकत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत घुसून तिथेच तो आपली वस्ती वाढवतो. उपचाराचं सगळं गणित इथे फिरतं. पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या घराण्यातल्या औषधांचा त्याच्यावर उपयोग होत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनला तर तो जन्मजातच दाद देत नाही, कारण ते औषध ज्या प्रथिनावर घाव घालतं त्याच्या जनुकातच फरक आहे. म्हणजे तापाचा रुग्ण भरती झाल्याझाल्या हाताच्या सवयीने जी इंजेक्शनं लिहिली जातात, ती इथे बहुतेक वाया. चालतात ती पेशीत शिरून जिवाणूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडणारी औषधं: डॉक्सी, अ‍ॅझिथ्रो, जुनं क्लोरॅम्फेनिकॉल. रिफॅम्पिसिन थोड्या वेगळ्या वाटेने तेच साधतं.

वाचायला मी सगळ्यात जुन्या कागदांपासून बसले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या आजाराने सैनिकांना जेरीस आणलं होतं आणि डॉक्टरांच्या हातात शुश्रूषेपलीकडे फारसं काही नव्हतं. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलायात, क्वालालंपूरला, क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पाहिलं. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते आदल्याच वर्षी वेगळं काढलेलं. रुग्णांचा ताप एक-दोन दिवसांत उतरला. औषध सापडलं, आजाराची दहशत गेली, आणि त्याबरोबर संशोधकांचा रसही गेला असावा, असं पुढचे कागद चाळताना मला वाटत राहिलं. एवढ्या जुन्या, एवढ्या पसरलेल्या आजाराच्या मानाने औषधांची आमनेसामने तुलना करणारे अभ्यास फारच थोडे आहेत.

क्लोरॅम्फेनिकॉलचा निकाल मी लवकर लावला. क्वचित, पण अगदी क्वचितच, ते अस्थिमज्जा कायमची बंद पाडतं, आणि तो घात कोणावर होईल हे डोसावरून सांगता येत नाही. हाताशी दोन बरी औषधं असताना तो धोका कशाला घ्यायचा? दुसरं काहीच मिळत नसेल तर, एवढंच त्याला पानावर स्थान दिलं.

मग कोक्रेन या संशोधन-संस्थेचा २०१८ चा आढावा उघडला. जगभरातले यादृच्छिक पद्धतीचे, म्हणजे कोणाला कुठलं औषध ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेले, अभ्यास गोळा करून केलेला. सगळे मिळून रुग्ण किती? साडेपाचशेच्या आसपास. निष्कर्षही सपक: डॉक्सी, टेट्रासायक्लिन, अ‍ॅझिथ्रो, रिफॅम्पिसिन, सगळीच चालतात, त्यांच्यात ठोस फरक दाखवता येत नाही. सर म्हणाले, 'म्हणजे कुठलंही द्या?' मी म्हटलं, 'सर, या अभ्यासांतले बहुतेक रुग्ण आपल्या ओपीडीतल्यासारखे होते, आयसीयूतल्यासारखे नव्हते.' त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे ते पटलं तरी करतात आणि न पटलं तरी.

सौम्य आजारात हरणारे थोडे असतात, म्हणून तिथे मृत्यू मोजून काही हाती लागत नाही. मग मोजतात काय? ताप किती तासांत उतरला ते. दक्षिण कोरियातल्या २००४ च्या अभ्यासात अ‍ॅझिथ्रोचा ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस आठवडाभराच्या डॉक्सीच्या तोडीचा ठरला. थायलंडमध्ये २००७ मध्ये तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रो आणि सात दिवसांचं डॉक्सी समोरासमोर ठेवलं. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस असे दोन्ही रुग्ण त्यात होते. गुण सारखाच आला, मळमळ-उलटीचा त्रास अ‍ॅझिथ्रोवाल्यांना कमी झाला. ऐकायला छान. पण ताप उतरण्याचे तास ही मोजपट्टी किती भरवशाची, ते मला आमच्याच वॉर्डात बघायचं होतं.

म्हणून गेल्या हंगामातले केसपेपर काढायला लावले. टीपीआर चार्टवर, म्हणजे तापमान-नाडी-श्वासाच्या त्या चौकटीच्या कागदावर, डॉक्सी सुरू झालेल्या दिवशी लाल खूण करायची आणि रेघ कुठे कोसळते ते बघायचं, असा बेत होता. काही चार्ट पाठ्यपुस्तकात छापावेत असे होते: एकशे तीन, एकशे चार, मग औषध, आणि दुसऱ्या दिवशी रेघ थेट खाली. पण बाकीच्यांचं काय सांगावं! रात्री दोनची नोंद नाही. सकाळची आहे, पण ती राउंडच्या आधीची की नंतरची ते कळत नाही. एका चार्टवर सलग सगळी टोकं ९८.६ वर, आणि तोच रुग्ण त्या दिवशी थंडी वाजून कुडकुडत होता असं केसपेपरवर लिहिलेलं. मी सिस्टरांना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'मॅडम, ताप असला तरी पॅरासिटामॉल, नसला तरी पॅरासिटामॉल. ऑर्डरच तशी असते, सहा-सहा तासांनी. त्यात अँटिबायोटिकने ताप कधी उतरला ते आम्ही कसं सांगणार?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून वॉर्डात ठरलं: स्क्रबचा संशय असलेल्या रुग्णाला पॅरासिटामॉल वेळ बघून नाही, ताप बघून द्यायचं आणि द्यायच्या आधी तापमान लिहायचं. आमच्या जुन्या चार्टांवरून डॉक्सी-अ‍ॅझिथ्रोची तुलना करायचा नाद मी सोडला. जो कागद पॅरासिटामॉलचा गुण मोजतो, त्याच्यावरून अँटिबायोटिकचा निवाडा करायचा नसतो.

डॉक्सीला जिवाणू दाद देत नाहीत, अशी कुजबुज आमच्याकडे अधूनमधून ऐकू येते. तिचं मूळ बहुधा उत्तर थायलंडमधल्या १९९६ च्या एका शोधनिबंधात आहे. चिआंग राय भागातल्या रुग्णांचा ताप डॉक्सीवर फार हळू उतरतो, असं त्यात दिसलं होतं. त्याच गटाने २००० मध्ये रिफॅम्पिसिन वापरून पाहिलं. रिफॅम्पिसिनवर ताप सरासरी एका दिवसाच्या आसपास गेला, डॉक्सीवर दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे त्या अभ्यासात दोन्ही औषधं एकत्र देण्याचा प्रयोगही सुरुवातीला केला होता. गुण दिसेना म्हणून तो सोडून दिला. दोन चांगली औषधं एकत्र केली की दुप्पट चांगलं होतं, हा आपला भाबडा हिशेब इथे बसत नाही, हे मी समासात लिहून ठेवलं. पुढे ते उपयोगी पडलं. डॉक्सीला खरोखरच प्रतिकार होता का, यावर नंतर बरीच चर्चा झाली, जुने पुरावे पुन्हा तपासले गेले, आणि २०२० मध्ये तर हा समज गैर आहे असं मांडणारा स्वतंत्र लेखच आला. ताप उशिरा उतरायला रुग्ण उशिरा येणं, जिवाणूंची संख्या मोठी असणं, औषध नीट न शोषलं जाणं, सोबत दुसरा संसर्ग असणं, अशी कितीतरी कारणं असतात. मला ती बाजू पटते. निदान आमच्या वॉर्डात 'डॉक्सी चालत नाही' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, 'सुरू कितव्या दिवशी केलं?'

रिफॅम्पिसिनला पानावर जागा द्यायला मात्र मी साफ नकार दिला. आकडे चांगले असले तरी. क्षयरोग जिथे घरोघर लपलेला असू शकतो, तिथे तापाच्या रुग्णाला एकटं रिफॅम्पिसिन देणं म्हणजे आतल्या क्षयजंतूंना त्या औषधाशी झुंजायचा सराव देणं. छातीचा एक्सरे स्वच्छ दिसला म्हणून तो धोका संपत नाही. यावर सरांनी एका अक्षरानेही वाद घातला नाही. तसं ते विरळाच.

खरा वाद झाला तो गंभीर रुग्णांवरून.

मार्च २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेला अभ्यास छापून आला. भारतातली सात केंद्रं, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या वयाचे ८०० रुग्ण, प्रत्येकाचा निदान एक तरी अवयव गंभीरपणे धरलेला. कोक्रेनने जगभरातून गोळा केलेल्या सगळ्या रुग्णांपेक्षा या एका अभ्यासातले रुग्ण जास्त. तीन गट: शिरेतून डॉक्सी, शिरेतून अ‍ॅझिथ्रो, आणि शिरेतून दोन्ही. उपचार सात दिवसांचे. कोणाला काय चाललंय ते रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. दोन्ही देण्यामागचा विचार असा की जिवाणूचा रायबोसोम दोन तुकड्यांचा असतो. डॉक्सी लहान तुकड्याला धरतं, अ‍ॅझिथ्रो मोठ्याला. एकाच यंत्राला दोन ठिकाणी खीळ.

निकाल असा: ज्यांचं बिनसलं, असे रुग्ण दोन्ही औषधांच्या गटात ३३ टक्के, नुसत्या डॉक्सीच्या गटात ४७ आणि नुसत्या अ‍ॅझिथ्रोच्या ४८. रेसिडेंटने हे वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. 'मॅडम, विषय संपला. सगळ्यांना दोन्ही.' मी त्याला 'बिनसलं' म्हणजे काय ते वाचायला लावलं. तिथे तीन गोष्टी एका टोपलीत होत्या: अठ्ठावीस दिवसांच्या आत मृत्यू, सातव्या दिवशी अवयवांची गुंतागुंत कायम असणं, आणि पाचव्या दिवशी ताप कायम असणं. टोपली सोडवून बघितली तर फरक मुख्यतः मागच्या दोन गोष्टींत. मृत्यूंचं प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखंच.

यावर सर आणि मी बराच वेळ भांडलो. त्यांचं म्हणणं, जीव वाचत नसेल तर दुसरं औषध लावून उपयोग काय, उगाच हृदयाच्या ठोक्यांचा धोका वाढवायचा. अ‍ॅझिथ्रोने काही रुग्णांत ईसीजीवरचा क्यूटी कालावधी लांबतो, आणि आमच्याकडे उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं ऑन्डॅन्सेट्रॉनही तेच करतं, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. माझं म्हणणं, आयसीयूत सातव्या दिवशी रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे की नाही, डायलिसिस चालू आहे की सुटलं, याला किंमत आहे. ती पलंगाला आहे, नातेवाइकांना आहे, आणि सगळ्यात जास्त त्या रुग्णाला आहे, कारण आयसीयूतला प्रत्येक जास्तीचा दिवस नव्या संसर्गाला दार उघडून देतो. शंभर गंभीर रुग्णांमागे चौदा-पंधरा जण लवकर मोकळे होत असतील तर ते मला हवं आहे.

'पण हे सौम्य रुग्णाला लागू नाही,' सर म्हणाले.

'नाहीच. त्याला एकच औषध.'

तिथे आमचं जमलं. पानावर रेघ ओढली: रेघेच्या वर चालत आलेला, गोळी गिळू शकणारा, अवयव शाबूत असलेला रुग्ण, रेघेच्या खाली धाप, शुद्धीत बिघाड, उतरलेला रक्तदाब, चढलेलं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची रक्तातली खूण) किंवा वाढती कावीळ यांतलं काहीही असलेला. वर डॉक्सी, तोंडाने, १०० मिलिग्रॅम दोनदा, सात दिवस. खाली शिरेतून दोन्ही, ईसीजी बघून.

शिरेतून म्हणणं सोपं. त्याच सुमारास आयसीयूत एक शेळ्या राखणारा, तिशीतला माणूस होता. एक्सरेत फुप्फुसं पांढरी, श्वासनलिकेत नळी घातलेली, प्लेटलेट खाली. आणि आमच्या औषध भांडारात शिरेतून द्यायचं डॉक्सी संपलेलं. मागणी गेलेली, माल येईना. अ‍ॅझिथ्रोच्या व्हायल होत्या, त्या तासाभराच्या ड्रिपवर लगेच सुरू केल्या. डॉक्सीची कॅप्सूल फोडून, पाण्यात कालवून, नाकातल्या राइल्स ट्यूबमधून द्यायची ठरली. धडधाकट पोटात डॉक्सी जवळजवळ सगळं शोषलं जातं, या बाबतीत ते अ‍ॅझिथ्रोहून कितीतरी सरस. अ‍ॅझिथ्रोची गोळी घेतली तर जेमतेम तिसरा हिस्सा रक्तात पोचतो. पण रक्तदाब पडलेल्या माणसाचं आतडं धडधाकट नसतं. शिवाय त्याच ट्यूबमधून दर दोन तासांनी दुधाची पावडर घातलेलं फीड जात होतं, आणि दुधातलं कॅल्शियम, लोहाची औषधं, अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं डॉक्सीला पोटातच धरून ठेवतात. सिस्टरांनी एका कोऱ्या कागदावर पेनने वेळा आखल्या: डॉक्सीच्या आधी आणि नंतर फीड बंद, ट्यूब पाण्याने साफ, मग पुढचं. तो कागद मॉनिटरला चिकटपट्टीने लावून ठेवला. मी तयार करत होते त्या पानापेक्षा तोच जास्त कामाचा होता, म्हणून त्यातला मजकूर जसाच्या तसा उचलला.

तो माणूस वाचला. बायको त्याला हाताला धरून चालवत घेऊन गेली. पण त्यावरून मी 'दोन्ही औषधांनी वाचला' असं म्हणू शकत नाही. अगदी तसाच आजार, तशीच दोन्ही औषधं चालू असलेला दुसरा एक रुग्ण त्याच सुमारास गेला. एकेका रुग्णावरून औषध तोलता आलं असतं तर आठशे माणसांचा अभ्यास करायची कोणाला गरजच पडली नसती.

गरोदर बाईसाठी अ‍ॅझिथ्रो, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. टेट्रासायक्लिन घराण्याबद्दलची गर्भाच्या हाडा-दातांची भीती डॉक्सीलाही चिकटलेली आहे, आणि इथे तितकाच चांगला पर्याय हाताशी आहे. मात्र औषध ठरवण्यात वेळ घालवू नका, असं मी तिथे ठळक लिहिलं. गरोदरपणात हा आजार बाळाला सोडत नाही, गर्भ दगावण्याचं प्रमाण मोठं आहे.

मुलांच्या रकान्यावर बालरोग विभागातल्या मॅडमशी फोनवर दीर्घ संवाद झाला. आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सी म्हणजे पिवळे दात, हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात कॉलेजपासून कोरलेलं. त्यांनी मलाच सुधारलं. दात रंगायचे ते जुन्या टेट्रासायक्लिनने. डॉक्सी कॅल्शियमला त्या मानाने कमी चिकटतं, आणि थोड्या दिवसांच्या कोर्सने दातांवर डाग पडल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने तर एकवीस दिवसांपर्यंत डॉक्सी कोणत्याही वयात चालेल असं म्हटलं आहे. 'दात वाचवायच्या नादात मूल घालवू नका,' त्या म्हणाल्या. हे वाक्य पानावर घ्यायचा मोह झाला होता, पण भिंतीवर ते नातेवाइकांनीही वाचलं असतं.

गोळी कशी घ्यायची यासाठी मी पानावर सगळ्यात जास्त जागा वापरली आणि सरांनी तीवरच सगळ्यात जास्त काट मारली. डॉक्सीची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन रुग्ण आडवा झाला की ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. छातीत आग, गिळताना टोचल्यासारखं दुखणं, आणि मग रुग्ण गोळी घेणंच सोडतो. ग्लासभर पाणी, आणि नंतर अर्धा तास बसून किंवा चालत राहणं, एवढ्याने ते टळतं. अ‍ॅझिथ्रोच्या बाजूने बोलायचं तर हा जाच त्यात नाही, डोस दिवसातून एकच, आणि औषध पेशींत कितीतरी दिवस टिकून राहतं. डिस्चार्ज मिळाल्यावर गोळ्या नेमाने घेईल याची खात्री नसलेल्या माणसाला मी आजही अ‍ॅझिथ्रोच देते. पुरावा समसमान असला की मग माणूस बघावा लागतो.

आता पानावरची पहिली ओळ. तिच्यात औषधाचं नावच नाही. 'कपडे काढून बघितलं का?' अशी ती आहे. अळी चावलेल्या जागी पुष्कळदा एक न दुखणारी, सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते; एशार म्हणतात तिला. ती काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनांखाली, कानामागे, अशा जिथे कोणी बघत नाही तिथे असते, आणि रुग्णाला स्वतःलाही तिचा पत्ता नसतो. सावळ्या त्वचेवर ती नीट प्रकाशातच दिसते. आमच्याकडे एका बाईंना बाहेर आठवडाभर सलाईन आणि इंजेक्शनं झाली होती. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, ताप हटत नाही. भरती करताना आमच्या सिस्टरांनी पडदा ओढला, टॉर्च घेतला, आणि डाव्या स्तनाखाली वाटाण्याएवढी खपली दाखवली. त्या बाईंना डॉक्सी दिलं असतं की अ‍ॅझिथ्रो, याने काहीच फरक पडला नसता. आधीच्या आठवड्याने पडला असता.

खपली सापडली नाही तरी थांबायचं नाही. आयजीएम एलायझा या स्क्रबच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि आजाराच्या पहिल्या दिवसांत तो निगेटिव्हही येऊ शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करा. पान भिंतीवर लागल्यावर हीच ओळ सगळ्यात आधी अमलात आली. जरा जास्तच अमलात आली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की डोकं बाजूला ठेवून डॉक्सी, असं सुरू झालं.

एक कॉलेजात शिकणारी मुलगी अशीच आली. आयजीएम पॉझिटिव्ह, डॉक्सी सुरू, आणि दोन दिवस उलटून गेले तरी ताप जागचा हलेना. पॅरासिटामॉलची भानगड आता नव्हती, चार्ट खरा होता. रेसिडेंटने राउंडला सुचवलं, 'मॅडम, अ‍ॅझिथ्रो जोडूया. किंवा बदलूया.' तिचा एकही अवयव बिघडलेला नव्हता. धाप नव्हती, रक्तदाब ठीक, फक्त ताप आणि तापाच्या मानाने चढावेत तितके न चढलेले नाडीचे ठोके. मी भरतीच्या वेळी पाठवलेल्या ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट मागवला. साल्मोनेला टायफी. टायफॉइड. आयजीएम तर जुन्या स्क्रबनंतरही कित्येक महिने रक्तात रेंगाळतं.

त्या दिवशी रेसिडेंटला मी एक गोष्ट दाखवली, जी इतक्या कागदांत मला कुठे सरळ लिहिलेली सापडली नव्हती. अ‍ॅझिथ्रो टायफॉइडवरही चालतं. पहिल्या दिवसापासून तिला अ‍ॅझिथ्रो दिलं असतं तर ताप हळूहळू उतरला असता, आमच्या नोंदीत 'स्क्रब टायफस, अ‍ॅझिथ्रोला उत्तम प्रतिसाद' असं पडलं असतं, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी त्या नोंदी काढून अ‍ॅझिथ्रो सरस असल्याचं सिद्ध केलं असतं. डॉक्सी टायफॉइडला झाकून घेत नाही, म्हणून ती सापडली.

मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. महिनाभर ज्याला त्याला बंद करायला लावलेलं तेच. रेसिडेंटने केसपेपरवर लिहिता लिहिता विचारलं, 'डॉक्सी थांबवू ना?'

'नको. सात दिवस होऊ दे,' मी म्हटलं. 'दोन्ही एकदम नसतील, हे तुला तरी कुठे माहीत आहे?'